मायच्या गुडघ्याला मिरची

मला एका जागी बसवत नाही. मायचं उलटं. तिचं अर्धं आयुष्य नंदुरबारच्या मिरची पथारीवर, लाल मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, उकिडवं बसून देठ खुडण्यात गेलं. शेजारी चार बायका आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. मागच्या वर्षी गुडघे धरले, ती घरी बसली आणि गप्प झाली. त्या गप्प बसण्यानं मी हैराण झाले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते आधी मऊ पडतं, मग त्याला चिरा जातात, कण सुटतात आणि शेवटी हाडावर हाड घासतं. कूर्चेला रक्त पोचत नाही म्हणून ती भरून येत नाही, आणि तिच्यात नसा नाहीत म्हणून झिजताना कळतही नाही. ‘आता त्यांनी खाली बसायचं नाही,’ ते म्हणाले. ठणक कमी व्हायला एक मलम दिलं, त्यात मिरचीचा अर्क होता.

माय बाहेर बाकावर बसली होती. तिचं तोंड बघून खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले,

‘मलम लावं म्हंजे बरं व्हई जाई. मिरचीनंच शे.’

कितीतरी दिवसांनी ती हसली.

पुढे पंधरा दिवस मी शाळेत शिकवतानाही नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आज सांगू, उद्या सांगू. रविवारी दुपारी बाजारातून आले तर घरभर ठसका. माय पाय पसरून बसलेली, दोन्ही गुडघ्यांवर वाटलेली लाल मिरची आणि वर फडकं घट्ट बांधलेलं.

‘येडी व्हयनी का तू?’ मी किंचाळलेच.

‘घरमा पोतंभर मिरची शे, नि ते बोटभर मलम कशाले? आग व्हई ऱ्हायनी, म्हंजे लागू पडी ऱ्हायनं.’

फडकं सोडलं तर कातडी फोडांनी भरलेली. मी लेप पुसून तूप लावायला लागले, माझेही हात भगभगले. तिनं ओठ दाबून धरले होते. पथारीवरच्या बायकांना तिनं जागा धरायला सांगून ठेवलं होतं.

‘सोमवारले खाले बठता येई ना माले?’

‘नही माय. आते कधीच नही. डॉक्टरनी तव्हळच सांगेल व्हतं.’

तिनं माझा तुपाचा हात बाजूला सारला.

‘मंग इतली आग मी कशाले सोसी?’