एजंटचं डेफिनेटली

दिवाळीआधी न्हाणीघरातला निळा ड्रम घासायला काढला, की हा फ्लॅट बघायला आलो तो दिवस आठवतो. मनवेलपाड्यातली नवी बिल्डिंग, जिन्यात ओल्या रंगाचा वास. एजंट म्हणाला, "सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं." मग नळ सोडून म्हणाला, "आणि पाणी तर डेफिनेटली चोवीस तास." नळाला जोर चांगला होता. पण सासूबाई गॅलरीत गेल्या त्या तिथेच थांबल्या. समोरच्या बिल्डिंगमध्ये गॅलरीगणिक निळा ड्रम, आणि खाली आमच्याच गेटपाशी टँकरवाला पाइप गुंडाळत होता. त्यांनी वळून शांतपणे विचारलं, "लिफ्ट कधी चालू होणार?" "डेफिनेटली पुढच्या महिन्यात, आजी." जिना उतरताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "उन्हाबद्दल बोलताना नाही लागलं त्याला डेफिनेटली. तेवढं ऊन खरं धर." त्या उन्हासाठीच आम्ही फ्लॅट घेतला, आणि राहायला येताना आधी ड्रम आणला. काल बंगळुरूहून मुलाचा फोन आला, "आई, दिवाळीला डेफिनेटली येतोय." मी "ये हो" म्हटलं, आणि करंज्यांचं सारण निम्मंच केलं.