कडी आतून होती

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. समाजकार्याचं शिक्षण झालं होतं. वस्त्यांमध्ये अंगात येणं, करणी, उतारे असलं पुष्कळ पाहिलं होतं, आणि खोदून विचारलं की मागे काहीतरी साधं निघायचं... उपासमार, दुखणं, नाहीतर नवऱ्याची मारझोड. पण या एका सकाळीमागे काय होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट. नागपुरात पाचपावलीकडच्या एका मुलींच्या शाळेत मी समाजसेविका होते. म्हणजे शिकवायचं नाही. ज्या मुली यायच्या बंद होतात त्यांच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं, अडलंय कुठे ते बघायचं. सहावीतली कमल दिवाळीनंतर अशीच यायची थांबली. वडील कोराडीच्या वीजकेंद्रावर ठेकेदाराच्या हाताखाली कामाला, अंधारातच बस धरायचे, मागून घरातल्यांनी कडी लावून घ्यायची. आई शेवंताबाई नुकतीच बाळंतीण झालेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही, त्यामुळे पाणी, चूल, बाळाचे लंगोट सगळं कमलवर. मी जाऊन बोलून आले होते. सवा महिना झाला की पाठवते, असं शेवंताबाई म्हणाल्या होत्या.

डिसेंबरची कडक थंडी होती. शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती, आणि माझ्या खोलीच्या दारात कमल उभी. हिरवा विटका फ्रॉक, केस मोकळे, पाय अनवाणी.

"बाई, माय उठून नाही राहिली. तुमी चाला."

ताप आहे का, रक्त जातंय का, मी विचारत होते. ती फाटकाकडे वळलीसुद्धा. ओली बाळंतीण, उशीर करून चालणार नव्हतं. शाल ओढली आणि निघाले. फाटकापाशी आमचे चपराशी नारायणराव तिला म्हणाले, एवढ्या थंडीत चपला काहून नाही घातल्या? तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ती पुढे, मी मागे. मी जवळजवळ पळत होते, पण आमच्यातलं अंतर काही कमी होईना. दोन्हीकडच्या घरांतून हातमागांची खटखट चालू होती. हाक मारली तरी तिने वळून पाहिलं नाही. नळापाशी ती गल्लीत वळली. मी पोचले तर गल्ली रिकामी. वाटलं, घरात शिरली असेल.

दार बंद होतं. ढकललं, तर आतून कडी. कमलला हाका मारल्या, कडी वाजवली... काहीच नाही. शेजारच्या विठाबाई बाहेर आल्या.

"कमल? सकाळपासून नाही दिसली वं बाई ती. नळावर बी नाही आली."

आत्ता तीच मला घेऊन आली, असं मी जरा चिडूनच म्हटलं. त्यांनीही कडी वाजवून पाहिली. तेवढ्यात दाराच्या फटीतून कोळशाचा वास आला. शेजारच्या मागावरचे दोघे धावले, खांदे लावून त्यांनी दार तोडलं.

आत भट्टीसारखी ऊब. थंडी लागू नये म्हणून खिडकीत पोती कोंबलेली, आणि बाजेखाली पेटती सिगडी. शेवंताबाई बाजेवर आडव्यातिडव्या, डोळे अर्धवट उघडे. बाळ कुशीत. आणि खाली गोधडीत कमल. तोच हिरवा फ्रॉक. हलवलं तरी मान नुसती कलंडत होती.

सगळ्यांना गल्लीत ओढून आणलं. आधी बाळ रडलं. मी शाल काढून त्याला गुंडाळलं.

तिघंही वाचली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सिगडीचा धूर कोंडला, आणखी थोडा उशीर झाला असता तर कोणी हाती लागलं नसतं. मुलगी तर पहाटेपासूनच बेशुद्ध असावी. मी तशीच शाळेत गेले आणि नारायणरावांना विचारलं. माझं डोकं फिरलं असेल तर निदान कळू दे... पण त्यांनीही तेच सांगितलं. हिरवा फ्रॉक, अनवाणी पाय. कमलला शुद्ध आल्यावर काहीच आठवत नव्हतं.

पुढे संक्रांतीच्या सुमारास तिला शाळेत आणायचं ठरवायला मी त्यांच्या घरी गेले. शेवंताबाई अंगणात उन्हात बाळाला तेल लावत होत्या. कमल पाणी आणायला गेल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, त्या दिवशी मले जाग आली, तं हातपाय हालूनच नाही राहिले. दाराजवळ कमल उभी दिसली. मी म्हटलं, जा, शाळेच्या बाईले घेऊन ये. ती गेली. मंग माहा हात बाजेवरून खाली पडला... तं हाताले कमलच लागली. गोधडीत, निपचित."

तेल लावायचा त्यांचा हात थांबला होता.

"मंग मी धाडलं कोणाले?"

कमल हंडा घेऊन येताना दिसली आणि मी शाळेचा विषय काढला. ती शाळेत परत आली, मॅट्रिकही झाली. आईचा तो प्रश्न मी तिला कधी सांगितला नाही. उत्तर असतं, तर सांगितला असता.