राणीची हाक

किश्श्यांचं रांगेतल्या घागरींसारखं असतं. एकीनं ठेवली, की मागं दहा लागतात! आमच्या लातूरच्या नाट्यवर्गात तसंच झालं. गाव नुकतंच जिल्हा झालेलं, पाणी मात्र टँकरचंच. नव्या जिल्ह्याची पहिली नाट्यस्पर्धा लागली, तेव्हा ह्यांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं. "घरात बोलत नाहीस, स्टेजवर तरी बोल!" लग्न नवं होतं, नाही तरी कसं म्हणणार?

शिकवायला उदगीरचे रिटायर्ड मास्तर. सगळ्यांना एकच धडा: जुन्या नाटकातल्या राणीचं श्लोकबद्ध स्वगत.

* * *

वर्गात कापड दुकानदार शिवाप्पा होते. प्रत्येक ओळीला त्यांचे दोन्ही हात आपोआप लांब व्हायचे, अन् ओळ अर्ध्यातच तुटायची.

"आप्पा, श्लोक हाय, लांगक्लॉथ न्हाई! मापून फाडू नका!" मास्तर ओरडले.

"फाडला तरी चार बोटं जास्तच देतो सर!"

* * *

श्लोक रंगात आला, की टँकरचा हॉर्न वाजायचा. क्षणात हॉल रिकामा! एकदा मास्तर स्वतः म्हणून दाखवत होते, तरी आम्ही पळालोच. बऱ्याच वेळानं बादली घेऊन ते रांगेत शेवटी उभे राहिले.

"सर, एवढा उशीर?"

"राणीचा प्राण चालला होता. मधेच कसा येऊ?"

* * *

घरी मी भाकरी थापताना पाठांतर करायची. "हे दैवा, आता दाद कुणाकडे मागू?" ऐकून शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावायच्या. मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात जाऊन जाहीर करायच्या, "नाटकातलं हाय!"

एकदा तव्यानं खरंच हात भाजला. मी किंचाळले. दारातून शांत आवाज आला, "नाटकातलं हाय!"

* * *

खरी अडचण शेवटच्या ओळीत होती. तिथं राणी राजाला नावानं हाक मारते, अन् ते नाव नेमकं ह्यांचंच! आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते ती फक्त उखाण्यात, तेही सगळे मागं लागल्यावर. तालमीत मी तिथं "अहो" म्हणायची.

मास्तर कपाळावर हात मारायचे. "सूनबाई, एक अक्षर कमी पडतंय! वृत्त लंगडलं की परीक्षक बाद करतात. नांदेडची पुढची फेरी गेली म्हणून समजा!"

मला नांदेडला जायचंच होतं. एवढं हवंसं आजवर काही वाटलं नव्हतं, पण बोलले कुणाला?

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत आत्याबाई, काकू, गल्लीतल्या सगळ्या बायका. शेवटच्या ओळीपर्यंत मी सुटले ती सुटलेच. अन् तिथं अडले. परीक्षकांनी पेन उचललं.

आत्याबाई उभ्या राहिल्या. "घे गं पोरी, घे! आम्ही कान झाकलेत!"

खरंच, अख्ख्या रांगेनं पदर कानांवर दाबले होते.

मी डोळे मिटले अन् घेतलं. खणखणीत, तिन्ही अक्षरं.

शेवटच्या रांगेत कान न झाकलेला एक माणूस ताडकन उभा राहिला.

"ओ!"