अर्ध्या मार्काचा खिळा

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीचाचांइतका तापट माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात सापडायचा नाही, आणि राग कशावर, तर चुंबकाबद्दल लोक जे बेधडक बोलतात त्यावर! नागापूरच्या कारखान्यांतल्या जळालेल्या मोटारींना नव्यानं तांब्याची तार गुंडाळण्यात त्यांची उभी हयात गेली. एकदा बाजारात एक जण ब्लडप्रेशर उतरवणारं चुंबकाचं कडं विकत होता. चाचांनी खिशातली टाचणी काढून कड्याला लावली, ती पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. विकणाऱ्याचंच ब्लडप्रेशर चढलं. एकदा चाचांनी माझा स्क्रूड्रायव्हर नेला, तो आठवड्यानं टाचण्या उचलणारा होऊन परत आला. मी कुरकुरलो, तर म्हणाले, फुकटात गुण लावून दिला, वर तोंड करून बोलता?

हेही मी सोसलं. पण माझ्या वर्गात येऊन? मी चौथीचा मास्तर, त्यांची नात माझ्याच वर्गात. चाचणीत अर्ध्या मार्काला विचारलं होतं, 'लोखंडी खिळा चुंबक असतो. चूक की बरोबर?' या बयेनं लिहिलं, 'कधी कधी'. मी शून्य दिलं, वर मोठ्यानं वाचूनही दाखवलं. पोरं हसली. त्या दिवसापासून तिनं हात वर करणं सोडलं. माझ्या ते ध्यानातही आलं नाही, चाचांच्या आलं.

पुढच्या आठवड्यात गृहस्थ थेट वर्गात. ना विचारणं, ना पुसणं! टेबलावर टाचण्या ओतल्या, तार गुंडाळलेला खिळा काढला. तारेची टोकं सेलला लावली, टाचण्या खिळ्याला लटकल्या. एक टोक काढलं, खाली पडल्या. माझे कान संतापानं तापले, आणि पोरं मला सोडून टेबलाभोवती.

"खिळ्यात लई बारके बारके चुंबक असत्यात," चाचा सांगायला लागले. "एकाचं तोंड हिकडं, एकाचं तिकडं. तुमी बसता तसे, गप्पा मारत. तारेतून करंट आला, की मास्तर आल्यावानी सगळ्यांची तोंडं एकीकडं. मग जोर येतो, टाचणी उचलत्यात. करंट गेला, की हुतं तसं."

माझ्याच वर्गात माझीच थट्टा! मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवणार, तेवढ्यात ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मार्क ऱ्हाऊ द्या, मास्तर. पोरगी घरीबी गप ऱ्हाती. तुमी चुकला, एवढं तिला सांगा."

अठरा वर्षांच्या नोकरीत वर्गासमोर मी ते कधी म्हटलं नव्हतं. फार जड गेलं. पण म्हणालो, तिचं बरोबर होतं, माझं चुकलं. चाचा आपली तार गुंडाळून निघून गेले, आभार नाही की काही नाही.

पुढच्या गणिताच्या तासाला तिचा हात अर्धवट वर आला. उत्तर साफ चूक. 'चूक' हा शब्द ओठांवर आला होता, तो मी गिळला आणि विचारलं, "कसं काढलंस?" ती सांगत राहिली, चांगली पाच मिनिटं. मी ऐकत होतो, आणि आधीच्या वर्षांतल्या किती पोरांना हे विचारायचं राहून गेलं, ती आता कुठे असतील, तेच मनात येत होतं.