एका हाताची फॅशन

हिवरखेडच्या बायांची पक्की समजूत होती की फॅशन मुंबईत जन्मते, अमरावतीला मोठी होते आणि तिथून एसटीनं आपल्या गावात उतरते. यातलं एसटीचं तेवढं खरं होतं. बाकी फॅशन जन्मायची अकोटला, कुलसुमबीच्या घरी, चहा पिता पिता.

कुलसुमबी बांगड्यावाली. चाळीस वर्षं लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन ती गावोगाव हिंडली. अकोल्याचा ठोक व्यापारी तिला जो माल द्यायचा, तो बहुतेक दुसऱ्या कुणी न उचललेला असायचा. असला माल खपवायचा तर त्याला नाव लागतं, आणि नावं ठेवण्यात कुलसुमबीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कपाशीचं नवं बियाणं आलं, तेव्हा पांढऱ्या ठिपक्यांची बांगडी तिनं 'बीटी' म्हणून विकली. "इले कीड लागत नाई," ती छातीठोकपणे सांगायची. काचेला कीड लागते कुठं, हे एकीनंही विचारलं नाही. पुढं सरकारनं मदतीचं पॅकेज जाहीर केलं आणि महिन्याभरात 'पॅकेज बांगडी' आली. वरून चकचकीत सोनेरी, आठ दिवसांत काळी. बाया भांडायला आल्या की ही म्हणायची, "मंग? नाव आइकूनच घेतली ना तुमी?"

तिचा नवरा हुसेन सायकली दुरुस्त करायचा. त्याला हे पसंत नव्हतं. "कुलसुम, कयामत के दिन क्या जवाब देगी?" तो विचारायचा.

"बोलूंगी, चूडी का नाम रखी. बच्चे का रखते ना सब?"

तशी तिला दागिन्यांची जाण मोठी. तिच्या सासूच्या काळात बायांच्या मनगटावर चांदीचे जाड गोट असत आणि गळ्यात सरी. मग कापसाला बरे दिवस आले तेव्हा चांदी मोडून सोन्याच्या पाटल्या आल्या. आता पाटल्या कुठं गेल्या ते कुणी विचारत नव्हतं आणि त्यांच्या जागी 'एक ग्रामवाल्या' चमकत होत्या. त्यात घरोघरी टीव्हीवरच्या सुना शिरल्या. कॉलेजात जाणाऱ्या पोरी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात रबर घालून हिंडू लागल्या. कर्जापायी कर्ता पुरुष गेलेल्या काही घरांसमोरून मात्र कुलसुमबी हाक न देताच पुढं जायची. त्या वर्षांत अशी घरं दर गावात एक-दोन तरी झाली होती. त्या बायांच्या हातांची मापं तिला तोंडपाठ होती आणि आता त्यांचा काही उपयोग नव्हता. तेवढ्या चार पावलांत तिच्या तोंडाची टकळी बंद असायची.

अशा दिवसांत हिवरखेडच्या पंजाबरावच्या पोरीचं, करिश्माचं लग्न निघालं. पंजाबराव वांगी आणि झेंडू लावायचा. त्याची बायको शालू हिचा चुडा कुलसुमबीनंच भरला होता, तेव्हा करिश्माचा दुसरं कोण भरणार? कुलसुमबीनं हिरव्यागार बांगड्या निवडून घेतल्या, डाव्या हाताच्या अकरा, उजव्याच्या दहा. वर चार पाहुण्या बायांना लागतील म्हणून आणखी काही. सगळं कागदात गुंडाळून पेटीत रचलं आणि ती एसटीत चढली.

वाटेत एक गृहस्थ चढला. त्यानं पाण्याची मोटर दुरुस्तीला नेली होती आणि ती तशीच नादुरुस्त परत आणली होती. मोटर ठेवायला त्याला बसभर दुसरी जागा दिसली नाही. त्यानं ती कुलसुमबीच्या पेटीवर ठेवली. कुलसुमबी खिडकीशी डुलक्या घेत होती. मधे ड्रायव्हरनं म्हशीसाठी करकचून ब्रेक मारला.

पंजाबरावच्या अंगणात बाया गोल करून बसल्या होत्या. करिश्मा पाटावर. कुलसुमबीनं पेटीचं झाकण चार बोटं उचललं, आत पाहिलं आणि परत दाबून बसवलं. उजवी बाजू चुरा झाली होती. हिरव्या म्हणाल तर डावीकडच्या अकरा तेवढ्या शाबूत होत्या.

आता नवरीसमोर हे सांगायचं कसं? बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायची आपली रीत. आणि चुड्याच्या पाटावर बसलेल्या पोरीला 'तुझा चुडा पेटीतच फुटला' म्हणून सांगितलं, तर शालू तिथंच रडायला बसली असती. अकोटला जाऊन यावं तर हळद चारला. मग कुलसुमबीच्या जिभेनं तिला नेहमीसारखं सोडवलं.

"डावा हात दे, पोरी," ती म्हणाली. अकरा बांगड्या भरून झाल्या. करिश्मानं उजवा पुढं केला, तसा कुलसुमबीनं तो हळूच बाजूला सारला. "याच्यात नाई."

"काहून वो चाची?" शालूनं विचारलं.

"तुमाले मालूमच नाई? अमरावतीले आता चुडा एकाच हातात भरतात. दुसऱ्यात हे." आणि तीन वर्षांपासून पेटीत लोळणारं एक सोनेरी कडं तिनं करिश्माच्या उजव्या हातात सरकवलं. "मोठमोठ्या घरच्या पोरी अशाच बोहल्यावर चढून राहिल्या."

बाया एकमेकींच्या हातांकडं पाहू लागल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "हाव, मी बी टीव्हीत पाह्यलं." तिनं काही पाहिलेलं नव्हतं, पण अशी एक बाई प्रत्येक अंगणात असतेच. मग सगळ्या पाहुण्यांनी आपापला डावा हात तेवढा पुढं केला.

अब्रू वाचली म्हणून कुलसुमबीनं घरी येऊन शिरा केला. हुसेननं सगळं ऐकलं, शिरा खाल्ला आणि विचारलं, "एक हाथ में भरेगी, तो दूसरे का धंदा कौन करेगा?"

कुलसुमबीनं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. पण त्या उन्हाळ्यात जेवढी लग्नं झाली, तेवढ्या नवऱ्या एका हाताच्या निघाल्या. पावसाळ्यापर्यंत सबंध तालुक्याचे उजवे हात मोकळे. जिथं दोन डझन जायच्या तिथं एक डझन जाऊ लागली. कडी तरी तिच्याकडून घ्यावीत, तर तीही नाही. जनरल स्टोअरवाल्या कुंदननं अकोल्याहून पोतंभर कडी आणून दुकानात टांगली आणि वर पाटी लावली, 'अमरावती फॅशन'. रस्त्यात भेटला की तो कुलसुमबीला वाकून सलाम करायचा. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे, आणि धोंडाही तिनं डोक्यावरून वाहून नेला होता.

तिनं उलटी फॅशन काढून पाहिली. "अमरावतीले आता दोन्ही हात कोपरापर्यंत भरून राहिले," असं ती गावोगाव सांगत सुटली. पण पोरी हसायच्या. "चाची, तू आता म्हातारी झाली. तुले फॅशनमधलं काय समजते?" ज्यांना तिनं फॅशन शिकवली, त्या तिला फॅशन शिकवू लागल्या. कुलसुमबीला याचा इतका राग आला की दोन दिवस ती हुसेनशी बोलली नाही, आणि त्यात हुसेनचा काय दोष होता हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

फाल्गुनात करिश्मा सातव्या महिन्याची माहेरी आली. डोहाळजेवणाला बांगड्या भरायचं आमंत्रण आलं. करिश्मा धरून चौदा बाया बसल्या. करिश्मानं डावा हात पुढं केला आणि गप्पांच्या ओघात सांगू लागली.

"चाची, तुले सांगाचंच राह्यलं. पहिल्याच दिवशी सासू मने, बापाच्या घरी बांगड्या कमी पडल्या काय? चार बायांत मनली. म्या ठनकावून सांगतलं, आमच्या चाचीनं भरल्या, अमरावतीची फॅशन हाये, अन् आमची चाची खोटं सांगत नाई. दोन दिवस जेवली नाई मी. तवा कुठी सासूनं तोंड बंद केलं. आता आमच्या गावात बी साऱ्या एकाच हातात भरतात."

बाया हसल्या. कुलसुमबी हसली नाही. पोर नव्या घरात दोन दिवस उपाशी राहिली होती, ते एका नादुरुस्त मोटरीसाठी आणि आपल्या जिभेसाठी. नावं ठेवणं वेगळं आणि हे वेगळं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिनं करिश्माचा हात खाली ठेवला.

"पोरी, फॅशन नव्हती. म्या बनवली. तुह्या हिरव्या बांगड्या येष्टीत फुटल्या होत्या."

'फुटल्या' हा शब्द भरल्या अंगणात पडला. शालूनं तोंडाला पदर लावला. "आज काय बोलून राहिली, चाची! पोर कोन्या दिवसाची हाये, पाह्यजो तरी!"

करिश्माचा एक हात आपोआप पोटाकडं गेला. मग तिनं विचारलं, "माह्या हातात चढाच्या आंदी फुटल्या काय?"

"हाव. पेटीतच."

"मंग त्या माह्या नव्हत्याच. हातात चढेस्तोवर बांगडी विकनारीची असते. भरता भरता गेली तरी तुमी पैसे घेत नाई." एवढं बोलून तिनं कडं काढून आईच्या ओटीत टाकलं आणि उजवा हात पुढं केला. "भर. पन दोन-चारच्या मापाची नाई चालाची आता, हात सुजले. दोन-सहाची काढ."

बाया हे टक लावून पाहत होत्या. त्यातल्या एकीनं हळूच आपला उजवा हात पदराबाहेर काढला. "चाची, खरं सांग. दोन्ही हातांची फॅशन आली काय अमरावतीले? मनूनच हे फुटल्याचं सांगतलं ना?"

ते ऐकून दुसरीचा हात निघाला, मग तिसरीचा. एका 'हाव'चा प्रश्न होता. तेरा उजवे हात, वर त्यांच्या गावोगावच्या जावा-नणंदा. वर्षभराची तूट एका शब्दात भरून निघाली असती. तो शब्द कुलसुमबीच्या जिभेवर आलाही. तिनं करिश्माकडं पाहिलं. करिश्मा तिच्याकडंच पाहत होती.

"नाई वं माय," कुलसुमबी म्हणाली. "फॅशन नाई. जुनंच हाये. तुह्या आजीच्या टायमाचं."

तेरा उजवे हात पुन्हा पदराखाली गेले. कुलसुमबीनं करिश्माचा हात साबणाच्या पाण्यानं ओला केला, "ढिला सोड," म्हणाली आणि एकेक बांगडी चढवत गेली. एकही वाढली नाही.

चौदा बायांमागं तिनं त्या दिवशी पंधरा हात भरले. एवढ्या नुकसानीत इतका आनंद तिला चाळीस वर्षांत झाला नव्हता.