पट्टा गेल्याशिवाय तारीख नाही

आमच्या दवाखान्यात लेझरचं मशीन ती चालवायची. नावाने तिला कोणी ओळखत नसे. सगळे तिला घड्याळबाई म्हणत, कारण येईल त्या पेशंटला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "घड्याळ काढा." नमस्कार नाही, बसा नाही. घड्याळ काढलं की ती मनगट खिडकीशी धरून बघायची. पट्ट्याखालची कातडी आणि आजूबाजूची कातडी यांच्या रंगात फरक दिसला की विषय संपला. "अंगावर अजून ऊन आहे तुमच्या. पट्टा जाईल तेव्हा या." मग समोर बड्या साहेबाची बायको असो, नाहीतर डॉक्टरची सख्खी मावशी.

मी काउंटरवर बसते. फोन घेणं, तारखा देणं, चिडलेल्यांना पाणी देणं हे माझं काम. तिने परत पाठवलेले सगळे माझ्यावर येऊन तडकायचे, त्यामुळे मला तिचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. आता येतो तो दुसऱ्यांचा. त्यात डॉक्टर पहिला, आणि त्याला मी इथे एकेरीतच लिहिणार आहे.

लेझर म्हणजे चेहऱ्याची वरची साल जाळून काढायची, म्हणजे खालून नवी येते. ती नवी कातडी तान्ह्या बाळाची असावी इतकी नाजूक, तिला ऊन सोसत नाही. आणि आधीचीच कातडी उन्हाने रापलेली असेल, तर नवी येते ती काळे डाग घेऊन. म्हणून हे काम हिवाळ्यात करायचं, ऊन मवाळ असताना, तेही आधीचे काही आठवडे सावलीत काढून. यात गुपित काही नाही. डॉक्टरच्या टेबलावरच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे, आणि घड्याळबाईच्या डाव्या गालावरही होतं. पहिलं मशीन आलं तेव्हा भर उन्हाळा होता. पाहुण्यांना चालवून दाखवायला कोणाचा तरी चेहरा हवा होता, तिचा घेतला. कानाजवळ बटणाएवढा तपकिरी डाग कायमचा राहिला. ती त्यावर केस ओढून घ्यायची आणि हाच डॉक्टर म्हणायचा, "सिस्टर, केस नीट बांधा, बरं दिसत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती मात्र म्हणायची, "जाऊ दे गं. मला तरी कळलं." घरी नवऱ्याची कंबर कामातून गेलेली, दोन मुली शिकणाऱ्या. जाऊ दे म्हणणं तिला भाग होतं.

यंदा डॉक्टरने दुसरं मशीन घेतलं. उन्हाळ्यात खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तसा त्याने दारावर फलक लावला: लेझरवर खास उन्हाळी सवलत. घड्याळबाईने तो उभं राहून पूर्ण वाचला आणि म्हणाली, "याच्या शेजारी डाग घालवायच्या मलमाचाही लावा. तेच गिऱ्हाईक परत येईल." डॉक्टर हसला. फलक तिथेच राहिला.

पोहायला शिकवणारी कोचबाई आली ती त्या फलकामुळे. तिशीची, रुंद खांद्यांची, आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. गालांवर सोळाव्या वर्षापासूनचे मुरमांचे खड्डे. तिचा तलाव उघड्यावरचा, बारा महिने चालू, पण यंदा फरश्या बदलायला सव्वा महिना बंद झाला होता.

"नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा एवढी सुट्टी मिळाली आहे," ती म्हणाली. "घराबाहेर पाऊल टाकणार नाही. परवा एक पोरगं सगळ्यांसमोर म्हणालं, टीचर, तुमच्या तोंडाला कोणी टोचलं का? त्यावर आया हसल्या हो. आया!"

"घड्याळ काढा," घड्याळबाई म्हणाली.

पट्टा पांढराफटक होता. घड्याळ काढलेलं असूनही हातावरच आहे असं वाटत होतं.

"आता नाही. तुम्ही घरात बसणार ते पुढचं झालं. मागचं सगळं ऊन अंगावर आहे, त्याचं काय करू? हिवाळ्यात या. शुक्रवारी संध्याकाळी या, मी थांबेन तुमच्यासाठी. नंतर काही आठवडे उन्हं चढायच्या आधीची बॅच तेवढी घ्या."

"हिवाळ्यात मुलांच्या स्पर्धा असतात. तेव्हा सुट्टी मागितली तर घरीच बसवतील मला."

"मग त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. चेहरा कुठे पळून जातोय?"

कोचबाई रडकुंडीला येऊन माझ्या काउंटरशी उभी राहिली. सकाळपासून फोन घेऊन माझं डोकं फिरलेलं. मी हसत म्हणाले, "अहो, त्यांना तो पट्टा तेवढा दिसायला नको. बाकी काही बघत नाहीत त्या." बोलून गेले. तिला बरं वाटावं म्हणून, आणि घड्याळबाईची एकदा जिरावी म्हणूनही.

दहा दिवसांनी ती परत आली. मनगट सगळं एका रंगाचं. सवलतीमुळे त्या दिवशी अकरा पेशंट होते आणि डॉक्टर सारखा दारातून डोकावून "सिस्टर, आवरा" करत होता.

"इतक्या लवकर गेला?" घड्याळबाई म्हणाली.

"घरातच होते ना," कोचबाई म्हणाली.

"झालं समाधान?" डॉक्टर दारातून म्हणाला. "घ्या आता त्यांना."

तिने घेतलं.

पट्टा गेला नव्हता, रापला होता. कोचबाई दहा दुपारी गच्चीत बसली होती. तोंडावर टोपी, अंगावर चादर, आणि मनगट तेवढं उन्हात.

साडेतीन आठवड्यांनी ती तोंडाला रुमाल बांधून आली. बाहेर सहा-सात माणसं बसलेली होती. तिने सगळ्यांसमोर रुमाल सोडला. दोन्ही गालांवर आणि कपाळावर काळेकरडे चट्टे. खड्डे थोडे भरले होते, पण ते आता बघणार कोण? तलाव सुरू झाला होता. पहिल्याच पहाटेच्या बॅचला, हे पाण्यातून मुलांना लागेल का, असं आयांनी विचारलं होतं, आणि चेहरा नीट होईपर्यंत येऊ नका, असं तिला वरून कळवलं होतं.

डॉक्टरने लांबूनच बघितलं आणि हात झटकले. "उन्हात गेलात तुम्ही. सूचना पाळायला नकोत."

"नंतर एकदाही गेले नाही! आधी बसले होते, पट्टा घालवायला. पट्टा दिसायला नको, असं मला इथेच सांगितलं होतं."

"कोणी सांगितलं?"

कोचबाईने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरने, मग बाकावरच्या सगळ्यांनी.

"मी?" मी म्हणाले. "मी कशाला असलं सांगू? मी फक्त तारखा देते." आवाज अगदी गोड निघाला, फोनवर बोलतानाचा.

घड्याळबाई आतून येऊन दारात उभी होती. हा आवाज ती बारा वर्षं रोज ऐकत होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग डॉक्टरला म्हणाली, "पट्टा मी बघते. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी ताडून बघायला हवी होती, घाईत बघितली नाही. चूक माझी आहे. आणि फलक तुमचा आहे."

"सिस्टर, आत जा."

ती गेली नाही. कोचबाईपाशी जाऊन तिने तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. "आठ-दहा महिने लागतील. रोज मलम, रोज टोपी. पुष्कळसं जाईल. सगळं जाईल असं मी म्हणणार नाही."

डॉक्टरने घड्याळबाईला त्याच दुपारी कामावरून काढलं. चूक केली म्हणून नाही, पेशंटसमोर कबूल केली म्हणून. अकरा पेशंट एका दिवसात कोंबणारा हा माणूस मला म्हणतो, "असल्या निष्काळजी बायका ठेवून चालत नाही." आणि मी पुढच्या पेशंटची तारीख लिहायला घेतली.

ती डबा आणि चपला पिशवीत घालून निघाली तेव्हा मी जिन्यात तिच्यामागे धावले.

"ताई, ते मी बोलले होते. तुम्ही का ओढवून घेतलंत?"

"मी काही ओढवून घेतलं नाही. माझी चूक मी सांगितली, तुझी नाही सांगितली." ती खरोखर चिडली होती, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "आणि मला काय सांगतेस? तिला जाऊन सांग. सगळ्यांसमोर तू तिला खोटारडी ठरवलंस. घरात बसून तिला वाटत असेल, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं."

ती खाली उतरून गेली. वर फोन वाजत होता, तो मी धावत येऊन घेतला.

याला दोन महिने झाले. डॉक्टरला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते, आणि त्या त्याला शोभतात. कोचबाईचा पत्ता माझ्याच हस्ताक्षरात रजिस्टरात आहे. तिचं घर इथून चालत बारा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेले नाही.