बॅरल चांगलं, वाइन चांगली, आंबट फक्त मालकाला

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. चकवा काय, मागून येणारी पावलं काय... "यांना झोप कमी पडते," हे माझं ठाम मत. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर माझाही विश्वास आहे, पण त्या मायक्रोस्कोपखाली दिसल्या पाहिजेत! तेव्हा आज तुम्ही मला हसा, हरकत नाही. मला मात्र संताप आलाय आणि तो घरात काढून काढून नवरा कंटाळलाय.

मी इंदिरानगरला राहते आणि दिंडोरी रस्त्याला एका छोट्या वायनरीत वाइन बनवायचं काम बघते. आमच्याकडे थोडी पिनो न्वार नावाची लाल वाइन होते, फ्रान्सच्या बरगंडी भागात करतात त्या धाटणीची. रंगाने फिकी, चवीने नाजूक आणि नखरे तर विचारू नका. ती ओकच्या बॅरलमध्ये मुरत असते. मध्येमध्ये एकेका बॅरलचं बूच काढायचं, काचेच्या नळीने थोडी वाइन ओढायची, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. कोवळी वाइन तुरट लागते, तोंड धरते. आज कशी आहे यापेक्षा पुढे कशी होईल हे ताडायचं असतं. टेस्टिंग संपेपर्यंत बादली अर्धी भरते. हे लक्षात ठेवा, कारण माझं डोकं तिथेच फिरतं.

देवराम आमच्या तळघरात काम करायचा. पेठ तालुक्यातला, आदिवासी पाड्यावरचा. बॅरल धुणं, बुचं बघणं, वाइन आटली की वरून भरणं, सगळं त्याच्याकडे. मी लागले त्याच्या आधीपासूनचा माणूस. तोंडाने फटकळ, माझ्याशीही भांडायचा. त्याची एक रीत होती. त्या वर्षीचं बॅरल चाखायला पहिल्यांदा उघडलं, की नळीतले चार थेंब तो आधी जमिनीवर सोडायचा. "पयलं धरतरीला, मंग माणसाला." मी कधी हरकत घेतली नाही. तिथली फरशी तशीही रोज पाइप लावून धुतात.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळची वेळ, तळघरात मी, देवराम, आणखी दोन कामगार आणि आमचे मालक. धाकटे मालक म्हणजे... मोठे साहेब गेल्यावर हे परदेशातून शिकून आलेले. कोपऱ्यातलं बॅरल उघडलं, देवरामने थेंब सोडले आणि साहेबांनी ते पाहिलं.

"ए! माझी वाइन जमिनीवर ओततोस?"

"चार थेंब हायेत, शेट. धरतरीला द्यावं लागतं."

"धरतरी काय विकत घेणारे का माझी वाइन? तुम्हा लोकांची जातच बेवडी! इथे ओततोस, घरी किती नेत असशील!"

अहो, देवराम पीत नाही! आणि साहेब हे बोलत होते ते थुंकायच्या बादलीशेजारी उभं राहून. आम्ही शिकलेले लोक बादलीभर थुंकणार ते टेस्टिंग आणि त्याने चार थेंब सोडले तर चोरी? मी म्हणाले, "साहेब, शब्द मागे घ्या." तर म्हणे, "मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

देवरामने हातातली नळी माझ्याकडे दिली. "ताई, सांभाळा. काच हाय." एवढं बोलून तो निघून गेला. त्याच्या मागे साहेब ओरडले, उद्यापासून यायचं नाही म्हणून.

मग साहेबांनी त्या बॅरलची वाइन तोंडात घेतली आणि फुर्रकन बाहेर टाकली. "शी! व्हिनेगर झालंय! बघितलंत? बूच सैल ठेवलं असणार हरामखोराने."

मी चाखली. स्वच्छ. तुतीसारखा वास, मागे थोडी माती, अशी तरतरीत की अंगावर काटा आला. त्या वर्षीचं आमचं सगळ्यात चांगलं बॅरल! मला वाटलं ग्लास खराब असेल. आम्ही ग्लास बदलले. माझ्या ग्लासमधली त्यांना व्हिनेगर, त्यांच्या ग्लासमधली मला अमृत. दोन्ही कामगारांना दिली. ते घाबरत घाबरत म्हणाले, "चांगली लागते." साहेबांना वाटलं, आम्ही सगळे देवरामला वाचवतोय.

ठीक आहे. मी लॅबमध्ये तपासली. वाइन आंबली असेल तर ते आकड्यात दिसतंच. काही नाही, अगदी ठणठणीत! बाहेरच्या लॅबला पाठवली, तेच उत्तर. पुण्याहून एक जुने चाखणारे आले, त्यांनी हेच बॅरल उचलून धरलं.

मग मी हट्टाला पेटले. सगळ्या बॅरलची वाइन सारख्या ग्लासांत ओतली, बुडाला खुणा केल्या, ग्लास दुसऱ्याच माणसाकडून हलवून घेतले, म्हणजे कुठला कशाचा हे मलाही ठाऊक नको. साहेबांनी बाकीच्या सगळ्यांबद्दल अगदी बरोबर सांगितलं. यात लाकूड जास्त, ही थोडी पातळ. जीभ चांगली आहे हो त्यांची, ते मी नाकारत नाही! आणि एका ग्लासशी येऊन तोंड वाकडं केलं. तोच. पुन्हा केलं, पुन्हा तोच. घरी येऊन मी रडले, खोटं कशाला बोलू. रागाने रडले. मला जे शिकवलंय त्यात हे कुठेच बसत नव्हतं.

हळूहळू साहेबांचा आवाज खाली आला. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून म्हणतात, "मॅडम, त्याने काही केलंय का हो? त्याला बोलवा. जे काय असेल ते उतरवायला सांगा. गाडी पाठवतो."

मी स्वतः गेले. देवराम आता घोटीला भाताच्या गिरणीत पोती उचलतो. या वयात! कमरेला पट्टा बांधलेला. मी सगळं सांगितलं तर तो खो खो हसला.

"मी काय भगत हाय का, ताई? मी काय बी केलं नाय. माझं काम गेलं, आन् तुमी मलाच इचारता?"

"परत येशील का?"

त्याने कमरेचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाला, "यायचं हाय. हितं पाठ राहत नाय माझी. पण शेट चारचौघांत माझ्या जातीवर बोलला. त्यानं हितं यावं आन् चारचौघांतच मागं घ्यावं. पैसाअडका काय नको."

मी जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तळघरात जाऊन, सगळ्यांना बाहेर काढून, त्यांनी स्वतः त्या बॅरलसमोर ग्लासभर वाइन जमिनीवर ओतली. मी दारातून पाहिलं. चार थेंबांवरून माणूस हाकलणारा हा! मग चाखली, लगेच थुंकली आणि तोंड पुसत तसेच बाहेर आले.

आता त्या बॅरलमधली वाइन बाटल्यांत भरायची वेळ झालीये. साहेब भरूही देत नाहीत आणि ओतूनही टाकू देत नाहीत. हे असं का होतंय, मला माहीत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, शिव्या सोडून काहीही ऐकेन. साहेबांनी नाक-कान-घशाचे दोन डॉक्टर केले, होमिओपॅथी केली, मुंबईला जाऊन जिभेची तपासणी केली, गेल्या आठवड्यात तळघरात गुरुजी बोलावून शांत घातली. घोटी इथून तासाभरावर आहे. तिथे मात्र अजून गेलेले नाहीत.